हजार घोडे आणि एक लिंबू

हायपरकारमध्ये हॉर्सपॉवरशिवाय दुसरं काहीही बघायचं नसतं, हे मी माझ्या लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत ठणकावून सांगितलं. वास्तविक बोलणी साखरपुड्याची चालली होती.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये पडद्याचं कापड विकतो. पण त्या कोट्यवधींच्या, जमिनीला पोट टेकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघण्यात माझा हात (खरं तर अंगठा) कुणी धरणार नाही. माझे व्याही, बेलवलीचे दामूशेठ, शर्यतीचे बैल पाळतात. दुर्दैवाने व्हिडिओंचा नाद त्यांनाही आहे!

"आजकालच्या हायब्रिडला हजार हजार घोडे!" मी म्हणालो. "बाकी सब झूठ!"

"घोडं कितीबी असूंदे," दामूशेठ म्हणाले. "पेट्रोलचं इंजिन आन् बॅटरीची मोटर, ही जोडी हाय. जोडी एका तालात सुटाया पायजे. माजा सगळ्यात दांडगा बैल एक शर्यत जिकला नाय. कुठं थांबायचं तेच त्याला समजत नाय!"

तासाभराने बायकोने हळूच विचारलं, "साखरपुडा ठरला का हो?" तेव्हा कुठे तो ठरला.

आता माघार घेईन तर मी कसला! साखरपुड्याला बेलवलीत हायब्रिडमधूनच उतरायचं, असा मी पणच केला. शेजारच्या गोपभाईंनी एक जुनी, पण टकाटक हायब्रिड मिळवून दिली. (हायपर नव्हती. घरगुतीच होती.)

"साईं, सेन्सर ही सेन्सर! सामने कुछ आया तो खुद ब्रेक मारती है," गोपभाई सांगू लागले.

"वो छोडो, हॉर्सपॉवर कितना?" मी विचारलं. पुढचं काही मी ऐकलंच नाही.

साखरपुड्याच्या सकाळी आम्ही चौघं निघालो. मी, बायको, शालू नेसलेली लेक मृणाल आणि माझी थोरली बहीण कुसुमताई. वाटेत अंबरनाथला शिवमंदिराशी थांबून गाडीची पूजा केली. कुसुमताईने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, मनगटाएवढा जाड हार घातला आणि बंपरच्या पुढे लांब दोऱ्याने लिंबू-मिरची टांगली. मी ऐटीत गाडी सुरू केली. गाडी हातभर सरकली आणि खाडकन थांबली!

पिपाणी वाजली आणि काचेखालच्या पडद्यावर अक्षरं आली, 'समोर अडथळा'. समोर चिटपाखरू नव्हतं.

"पाय काढा ना ब्रेकवरचा!" बायको ओरडली.

"ब्रेकवर पाय नाहीये!"

"मग कुठे आहे?"

"दोन्ही वर घेतलेत!"

"अहो, मग गाडी चालवतंय कोण?"

मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने उडी मारली आणि पुन्हा खाडकन! बायकोचा गजरा डॅशबोर्डवर, कुसुमताईचा नारळ माझ्या मानेवर. देवळाबाहेरची फूलवाली म्हणाली, "काका, उचकी लागलीये तिला. पाणी पाजा."

शेवटी मृणाल उतरून पुढे गेली. "बाबा, लिंबू! ते डोलतंय ना, गाडीला वाटतंय समोर कुणीतरी उभं आहे!"

"काढ ते!" मी म्हणालो.

"खबरदार!" कुसुमताई बंपरपुढे जाऊन उभी राहिली. "पूजेचं लिंबू शुभकार्याच्या आधी काढतात? पोरीचं लग्न मोडायचंय?" आता लिंबाच्या पुढे कुसुमताई. गाडी आणखीनच जोरात पिपाण्या वाजवू लागली. तिची तरी काय चूक? कुसुमताईपुढे आमचे वडीलसुद्धा थांबायचे.

मुहूर्त जवळ येत होता. मृणालचे डोळे भरून आले. "बाबा, ते सगळे दारात उभे असतील हो." मान गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि मी व्याह्यांना फोन लावला.

दामूशेठ स्वतः आले. टेम्पो घेऊन. बैल शर्यतीला न्यायचा टेम्पो! मागे ताज्या पेंढ्यावर सतरंजी घातली होती. "सूनबाय, तू म्होरं बस. व्याही, तुमी मागं. दांडा घट्ट पकडा, माजे बैल बी पकडतात." बैल कसे पकडतात, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

बेलवलीत आम्ही वेळेवर पोचलो. टेम्पो बघून वाजंत्र्यांनी सवयीने शर्यत जिंकल्यावरचीच चाल धरली. जावई धावत पुढे आला, मृणाल खुदकन हसली आणि मागे पेंढ्यात उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुख मला हजार घोड्यांनीही दिलं नसतं.

अंगठ्या घालून झाल्यावर दामूशेठांनी माइक घेतला. "व्याही, तुमचं घोडं कुठं हायत?"

"देवळापाशी," मी म्हणालो. "लिंबू राखतायत."

हॉल हसून लोळला. हसू ओसरायच्या आत बायको म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यात जास्त हॉर्सपॉवर ह्यांच्या तोंडाला. गाडीला कशाला, लिंबू ह्यांच्या तोंडापुढेच टांगायला हवं होतं!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोरून व्याह्यांचा पेढा आला, आणि मी आपोआप थांबलो.