दयारामचं खोबरेल

गिरीज गावच्या दयारामला एकच रोग होता, ज्याला त्याला खोबरेल लावायचा. स्वतःच्या वाडीतले नारळ, घाण्यावरचं तेल. दाराच्या बिजागरीला तेच, सायकलच्या चेनला तेच, पोरांच्या कानातही तेच.

सातिवलीच्या कारखान्याच्या गाळ्यात आम्ही परदेशी धाडायचे तंबाखूचे लाकडी पाइप बनवायचो. दयाराम आणि त्याची बायको मथुरा घासकामाच्या टेबलावर असत. म्हणजे घासायची मथुरा. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग ओलं फडकं फिरवून लाकडाच्या तंतूंची उठलेली कूस पुन्हा घासायची. दयाराम शेजारी स्टुलावर बसून स्वतःच्या कसबावर व्याख्यान झोडायचा. पाइप तयार झाला की मात्र तो उचलून उजेडात धरायचा आणि आपणच घडवल्यासारखी मान डोलवायचा.

अठ्ठ्याण्णव साली शेठला त्या टेबलावर सुपरवायझर नेमायचा होता. फोर्टातला व्यापारी नमुना बघायला येणार होता. तो ज्याच्या हातावर खूश होईल, त्याची नेमणूक. दयारामने ही नेमणूक आधीच गावभर जाहीर करून टाकली आणि सफारीही शिवून घेतली.

नमुन्याचा पाइप मथुरेने जीव ओतून घासला. तो हातात पडल्यावर दयारामला राहवेना. बाहेरून खोबरेल चोळलंच, वर तंबाखू भरायच्या वाटीतही बोटाने जिरवलं. म्हणे, "आतनं पण चमकला पायजे!"

व्यापारी आला. पाइपावरून अंगठा फिरवून म्हणाला, "वा! कुणाचा हात?"

"माझाच, साहेब. पहिल्या कागदापासून," दयाराम पुढे सरसावला.

मथुरा खाली मान घालून फडकं पिळत राहिली.

मग व्यापाऱ्याने तंबाखू भरली आणि काडी लावली. पहिल्याच झुरक्याला गाळाभर करपलेल्या खोबरेलाचा वास सुटला. साहेब खोकून खोकून लाल झाला.

"आत तेल कोणी घातलं?" शेठ कडाडला.

दयारामने बायकोकडे बोट केलं. "हिने."

मला तर वाटलं, उठावं आणि त्याच पाइपाने याचं टाळकं शेकावं.

मथुरेने पदराला हात पुसले. "हो शेठ, तेल मीच घातलं. घासलाय पण मीच. ह्यांनी काय केलं, ते ह्यांनाच विचारा."

शेठने खरोखरच विचारलं. सगळा गाळा हातातलं काम टाकून उत्तराची वाट बघू लागला.