लूकूची मान, अफुएचा कान

योबुए मूर्ती कोरायला शिकला आजोबांकडून आणि रुसायला आजीकडून. बुआके शहराच्या पंचक्रोशीत नाव मात्र आजोबांचंच, लूकूचं. लोक म्हणत, "बाकीच्यांच्या मूर्तींना मान असते, लूकूच्या मूर्तीला तोरा असतो."

म्हणून परदेशी संग्रहालयाच्या बाईंनी पुस्तक उघडलं तेव्हा योबुएच्या हातातली पटाशी थांबली. पानभर लूकूची मूर्ती, डावा कान तुटलेला. खाली छापलं होतं: 'बाउले जमात. कारागीर अज्ञात.'

"अज्ञात कसा? माझा आजोबा आहे तो."

"नावाला पुरावा लागतो, दादा. पण हा कान बघा. चेहऱ्याचा तोल मुद्दाम मोडलाय. आमचे चित्रकार चेहरे मोडायला इथूनच शिकले." बाईंनी एका थोर चित्रकाराच्या चित्राचं कार्ड भेट दिलं. त्यातल्या बाईचे दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला होते.

योबुएची बायको आमेनां हसत सुटली आणि कानाची गोष्ट सांगू लागली. बाउले मानतात, प्रत्येक पुरुषाची जन्माआधीची एक बायको परलोकात असते; ती मूर्ती लूकूच्या त्या बायकोची. आठवड्यातली एक रात्र तिची, त्या रात्री लूकू तिला उशाशी घेऊन निजे. घरच्या बायकोनं, म्हणजे योबुएच्या आजीनं, अफुएनं, चार आठवडे सोसलं आणि पाचव्या आठवड्यात यामचे कंद कुटायचं मुसळ फेकून मारलं. नेम खरं तर लूकूवर होता.

"एका मुसळात तुमचे सगळे चित्रकार बिघडले म्हणायचे," आमेनां म्हणाली.

योबुएला हसू आलं नाही. त्याच्या जिवाला लागलं होतं. आजोबाला नावच नाही म्हणजे काय, तो काय वारुळासारखा आपोआप उगवला होता?

दुसऱ्या दिवशी बाई निरोप घ्यायला आल्या, तर कार्ड भिंतीवर आणि खाली खडूनं लिहिलेलं: 'गोरी जमात. कारागीर अज्ञात. उपयोग: बहुधा दातदुखीवर.'

"अहो, अज्ञात काय? त्यांचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"पुरावा?"

"पुरावा कशाला? कुणालाही विचारा."

"मग चला, विचारू."

शेजारच्या अंगणात एक म्हातारी याम कुटत बसली होती. योबुएनं तिच्यापुढे पुस्तक धरलं. "ही कुणाची गं, आजी?"

"लूकूची," म्हातारी म्हणाली. "कान अफुएचा."

बाई ओशाळल्या आणि त्यांनी वही काढली.

वर्षभरानं नवं पुस्तक आलं. मूर्तीखाली छापलं होतं: 'कारागीर: लूकू. डावा कान: अफुए.' योबुएनं ते दोनदा वाचलं आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"आता त्या बिचाऱ्याचंही नाव लिहा," आमेनां म्हणाली.

योबुएनं खडू घेऊन 'अज्ञात' पुसलं आणि चित्रकाराचं पूर्ण नाव नीट लिहिलं. दातदुखी मात्र तशीच राहू दिली.