पारदर्शक फिल्म

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

कर्जतला घरीच, न्हाणीघरात, मी कृष्णधवल फिल्म धुतो. सगळं मोजून, पाणी वीस अंश, सेकंदकाटा समोर. लोक म्हणतात, नेमका माणूस आहे. आहे का?

ठाकूरवाडीची यमुना आमच्याकडे रानभाजी घेऊन येते. तिच्या सासूचा फोटो काढतो, मोठा करून देतो, असं मीच म्हणालो होतो. वाडीवर गेलो तेव्हा यमुनेच्या नवऱ्यानेही मोबाइल काढला. "राहू दे रे," मी म्हणालो, "फिल्मवरचा बघशील." त्याने तो खिशात घातला.

म्हातारी म्हणाली, "असा काढ रं, का मेल्यावर बी सून धाकात ऱ्हायल." सगळ्यांत मोठ्याने यमुनाच हसली.

फिल्मवर चित्र उमटवतं ते द्रावण म्हणजे डेव्हलपर. माझ्याकडे दोन होते. एक जुना, भरवशाचा, चेहरा जरा मऊ करणारा. दुसरा नवा — त्यात सुरकुती न् सुरकुती उठते, असं वाचलं होतं. तो मी बोअरच्या पाण्यात कालवला होता. पाकिटावर शुद्ध पाणी घ्या असं लिहिलेलं. आमच्या पाण्यात लोह आहे, हे मला ठाऊक. फिल्म धुण्याआधी मी दर वेळी तिचा एक तुकडा उजेडातच द्रावणात टाकून बघतो. काळा झाला, तर द्रावण चांगलं. त्या दिवशी तुकडा राखाडीच राहिला. मी पाहिला. तरीही फिल्म त्यातच टाकली — मला त्या सुरकुत्या हव्या होत्या. कोणासाठी? म्हातारीसाठी तर नाही.

फिल्म कोरी निघाली. पुन्हा काढू, पुन्हा काढू म्हणत मी टाळत राहिलो, आणि म्हातारी गेली.

दहाव्याला त्यांनी फोटो मागितला. मी फिल्म वर धरून दाखवली आणि म्हणालो — म्हणालो की, त्या दिवशी कोणीतरी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं असणार, आत उजेड शिरला.

सगळे यमुनेकडे वळले. कॅमेऱ्याला हात तिनेच लावला होता.

"मी नुसता बाजूला ठेवला, दादा. उघाडला नाय."

"तुला कोनी सांगितलं व्हतं हात लावाया?" नवरा म्हणाला. "आईचा येक फोटू, त्यो बी घालवलास."

मी फिल्म गुंडाळायला लागलो.

उजेड शिरलेली फिल्म धुतल्यावर काळी पडते. काळी कुळकुळीत. माझ्या हातातली पारदर्शक होती — द्रावणच मेलेलं होतं. हा फरक तिथे फक्त मला कळत होता. नाहीतर ती अशी सर्वांसमोर धरली असती का मी?

यमुना अजून येते. टेबलावर कॅमेरा असला, तर भाजी दारातूनच देते. बायको म्हणते, "आत ये गं." ती म्हणते, "नको ताई, माजा हात वाईट हाय." मी आतून ऐकतो.

त्या दिवशी वाडीवर, कॅमेरा ठेवला होता त्या खाटेवर ऊन आलं होतं. तिने कॅमेरा पट्ट्याला धरून उचलला आणि सावलीत ठेवला. मी पाहत होतो.