कपाटात ठेवलेले शब्द

रशीदसाहेब गेल्याचं मला कचेरीच्या व्हरांड्यातच कळलं. सिल्लोडहून आलेला एक म्हातारा सांगत होता... हातातली घागर मी तशीच खाली ठेवली. त्याला आता दीड महिना होईल. रडू केव्हाच थांबलं, राग काही थांबत नाही.

मी कोकणातला, सहावीत शाळा सुटलेला. पोटासाठी औरंगाबादच्या कचेरीत शिपाई म्हणून आलो, तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाली होती. पण शेतीचे जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूतलेच. त्यांचा मराठी तर्जुमा व्हायचा, तरी अर्धे शब्द तसेच राहायचे. रशीदसाहेब तिथले अनुवादक. त्यांनी त्या शब्दांचे अर्थ साध्या मराठीत, अक्षरवार लावून, एक शब्दसूची केली आणि व्हरांड्यातल्या बाकाला सुतळीनं बांधली. ज्याचा कागद, त्यानं अडलेला शब्द आधी स्वतः काढून बघायचा, सही मग. ज्याला वाचता येत नाही, त्याला मी वाचून दाखवायचं. "ए कोकण्या," ते आतून ओरडायचे, "मनानं काही सांगू नको हां! तुझ्या अंदाजावर त्याचं रान जाईल." परक्या गावात मला कुणी माणूस समजलं असेल, तर ते त्या कामामुळं.

शोकसभेत मोठ्या साहेबांनी सूचीला हार घातला, सुतळी कापली आणि सूची काचेच्या कपाटात ठेवली. 'म'च्या पानावर उघडून. वर कुलूप. मी चावी मागितली तर म्हणाले, "अरे, स्मारक आहे ते. हात लागून खराब होईल." हात लागायलाच तर केली होती ना ती! हे मी लिहिलेलं छापून आल्यावर माझ्यावर काय येईल ते येवो...

मागच्या आठवड्यात फर्दापूरची एक बाई तर्जुमा घेऊन आली. "भाऊ, हे शिकमीदार म्हंजी काय वो? ह्यात माझं रान ऱ्हातं का जातं?" शब्द मी कितीदा तरी वाचून दाखवलेला, पण नुसत्या आठवणीवर सांगायची हिंमत होईना. तिला कपाटापाशी नेलं. काचेतून मक्ता दिसत होता, महसूल, मौजे... 'श' खालच्या बंद पानांत. मोठे साहेब चावी घेऊन दौऱ्यावर.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आतले कारकून म्हनत्यात अंगठा दे, तर देते."

ती आत गेली. मी फडकं घेऊन काच पुसायला लागलो. रोज पुसायचा हुकूम आहे.