चूलबंद आवतण

माणसांना बोलावण्याचं इतकं वेड असलेला माणूस जगात एकच झाला, आणि तो जामखेड तालुक्यात माझ्या खोलीच्या बरोबर समोर राहत होता. बाकीची माणसं लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात. आमचे कंपाउंडरकाका वर्तमानपत्र आलं म्हणून बोलावत, रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागणार म्हणून बोलावत, आणि काहीच नसलं तर आज काही नाही, तेव्हा निवांत बसायला या, म्हणून बोलावत. बरं, एकदा बोलावून त्यांचं भागत नसे. आमच्या भागात जेवणाचं आवतण सकाळी येतं, पण त्यावर कोणी उठून जात नाही. पानं वाढायला घेतली की यजमानाकडून दुसरं बोलावणं यावं लागतं, तेव्हा माणूस चपला पायात घालतो. ही रीत मला ठाऊक होती. मी राहात्याचा, आमच्याकडेही तेच चालतं. पण ती रेडिओला लावलेली मी इथंच पाहिली.

काका मूळचे गावचे नव्हेत. तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पेन्शनीत निघाल्यावर नगरला भावाकडे जायचं सोडून ते या गावात आले, कारण पंचायतीनं नवं समाजमंदिर बांधलं होतं आणि त्यात लोक शेळ्या बांधत होते. पत्र्याची एक लांब खोली, मागं एक छोटी. मागची खोली राहायला द्या, पुढची मी सांभाळतो, असं ते सरपंचांना म्हणाले. मी नुकताच शाळेत रुजू झालो होतो, एकटा होतो, संध्याकाळी करायला काही नव्हतं. म्हणून त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो आणि अडकलो.

दवाखाना त्यांच्या अंगातून कधी गेलाच नाही. निघताना त्यांनी छापील लेबलांचा एक गठ्ठा बरोबर आणला होता, आणि समाजमंदिरातली एकही वस्तू त्यातून सुटली नव्हती. भजनाच्या ढोलकीवर 'हलवून घेणे'. कॅरमच्या पावडरीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'. साखरेच्या डब्यावर लाल अक्षरात 'विष', कारण पोरं साखर खात. चहाच्या किटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एका खुणेत एक कप. माणसांनाही ते तसंच मोजून द्यायचे. आला गेला म्हणाला, काका, घरात बायकोशी पटत नाही, तर ते चष्म्यातून बघत विचारायचे, "किती दिवसांपासून?" आणि मग त्या नवराबायकोला रोज संध्याकाळी समाजमंदिरात समोरासमोर बसून अर्धा तास बालवाडीसाठी शेंगा फोडायला लावायचे. आठ दिवसांनी पुन्हा दाखवायला या, म्हणायचे. मी हसायचो. पण लोक खरंच आठ दिवसांनी यायचे हो.

एवढं बोलावता कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. सलग तिसऱ्या दिवशी मला वर्तमानपत्रासाठी दोनदा बोलावणं आलं होतं. ते म्हणाले, "गुरुजी, दवाखान्यात माणूस न बोलावता येतो. आणि तीस वर्षांत आलेला एकही हसत आला नाही. एकदा बोलावून बघावं म्हटलं." मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

त्यांच्या या वेडाचा पहिला गुण आला तो नामदेवला. नामदेव मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा आपटला. बाप बोलायचा बंद झाला, आई ताट सरकवून निघून जायची, आणि हा गडी दिवसभर यष्टीच्या थांब्यावर तोंड फिरवून बसायचा. काकांनी त्याला ना उपदेश केला, ना पुस्तक दिलं. एका वहीत त्यांनी गावातल्या घरांची यादी केली, गावकुसाबाहेरची घरंसुद्धा एकही न गाळता, त्यावरून चार दिवस कुरबुरही झाली, आणि वही नामदेवच्या हातात देऊन सांगितलं, समाजमंदिराचं आवतण तू द्यायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेवणानंतर. ज्या पोराला कोणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्याला रोज दोनदा प्रत्येक उंबऱ्यासमोर उभं राहावं लागायला लागलं. पहिल्या आठवड्यात तो इतकं हळू बोलायचा की लोकांना वाटायचं भिक्षेकरी आलाय. महिन्याभरात म्हाताऱ्या त्याला थांबवून पत्रं वाचून घ्यायला लागल्या, कोणी अर्ज लिहून घ्यायला लागलं. बापानं एका संध्याकाळी विचारलं, आज काय हाय रं समाजमंदिरात? त्या घरात पाच महिन्यांनी बापलेक बोलले ते असं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस आधीच्या वर्षीही धड नव्हता, त्या वर्षी आलाच नाही. गावची बायामाणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागली आणि त्यांची पोरं समाजमंदिरात. सकाळी सरकारी मदतीची सुकडी शिजायची, दुपारी रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी व्हायच्या, त्याही नामदेव आणि त्याच्यासारखे चार रिकामे पोरगे थापायचे. भाकरी नकाशासारख्या व्हायच्या, पण व्हायच्या. काका प्रत्येक पोराची जीभ बघून मगच ताट द्यायचे. त्या वर्षी त्यांनी एक हट्ट धरला. फुकटच्या अन्नासाठी कोणालाही रांगेत उभं करायचं नाही. शिधा असो नाहीतर सुकडी, नामदेव आधी घरोघर जाऊन आवतण देणार, आणि शिजल्यावर दुसरं बोलावणं जाणार. मी म्हटलं, काका, लोक उपाशी आहेत, ते तसेही येतील. ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. उपाशी माणूस न बोलावता आला तर खाली मान घालून जेवतो, म्हणाले. नंतर मी मुद्दाम बघत राहिलो. त्यांच्या पंगतीत माना वर होत्या, बायका एकमेकींना नावं ठेवत जेवत होत्या.

त्या दुष्काळात काकांची यादी अख्ख्या गावाची यादी झाली. कोणाकडे काही कार्य निघालं की नामदेवला बोलवायचं, वही आणायची, तिच्यावरून घरोघर आवतण द्यायचं. घर चुकायची भीती नाही, रुसवेफुगवे नाहीत. जमेल त्यानं चूलबंद आवतण द्यायचं, म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना जेवायला बोलवायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटता कामा नये. दुष्काळ सरला तसा सरपंचांनी मुलीच्या लग्नाला सगळ्या गावाला चूलबंद सांगितलं. मी नेमका तापानं फणफणलो होतो. दारात पडल्या पडल्या बघत होतो, गावात चिटपाखरू नव्हतं, एकाही घरातून धूर नव्हता. फक्त समाजमंदिराच्या मागच्या खोलीतून बारीक धूर येत होता. थोड्या वेळानं काका वाटीत पेज घेऊन आले आणि माझ्या उशाशी बसले. माझ्यासाठी म्हातारा लग्नाचं जेवण सोडून थांबला, या विचारानं मला गहिवरून आलं. मी तसं म्हटलंही. काका नाडी बघत राहिले.

पुढच्या माघात माझं लग्न ठरलं, राहात्यालाच. मी आधी आठ दिवस गावी जाणार होतो, म्हणून गावातली सगळी आवतणं नामदेववर सोपवली. काकांनी रात्रंदिवस माझ्या लग्नाचाच विचार केला असावा. अहेरात काय घ्यावं, सासऱ्यांशी काय बोलावं, लग्नाच्या दिवशी पोट बिघडू नये म्हणून काय टाळावं, सगळं मला लिहून दिलं. निघताना यष्टीत पिशवी चढवून दिली. लग्नाला गावाहून ट्रक भरून माणसं आली. सरपंच आले, नामदेवचा बाप आला, खडी फोडणाऱ्या बाया नव्या लुगड्यांत आल्या. काका तेवढे दिसेनात. सरपंचांना वाटलं होतं ते आधीच माझ्याबरोबर गेले असतील. नामदेवला वाटलं होतं मी सांगितलं असेल. मला वाटलं होतं नामदेवनं सांगितलं असेल. अक्षता पडत होत्या आणि मी मान वळवून वळवून मांडवाच्या दाराकडे बघत होतो. मामा ओरडला, अरे, पुढं बघ.

परत आल्यावर सामान खोलीत टाकलं आणि तसाच समोर गेलो. काका पोरांना कॅरमच्या सोंगट्या मोजून देत होते. का नाही आलात, म्हणून मी जवळजवळ भांडायच्या पवित्र्यातच विचारलं. त्यांनी सोंगट्या मोजून पूर्ण केल्या.

"आवतण नव्हतं, गुरुजी," ते म्हणाले. औषध संपलंय असं सांगावं, तसं सरळ. मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यादी मीच केलेली ना. स्वतःचं नाव स्वतः कसं घालणार?"

मी नामदेवला गाठलं. तो आधी हसलाच. "घरच्या मानसाला कुठं आवतन देत्यात का गुर्जी? काका तर सगळ्यायच्याच घरचे," म्हणाला. मग त्याचं हसणं हळूहळू थांबलं. माझंही डोकं तिथंच पोचलं होतं. सरपंचांच्या घरच्या लग्नातला तो बारीक धूर माझ्यासाठी नव्हता. माझ्यासाठी फक्त पातेल्यात मूठभर तांदूळ वाढवले होते. आम्ही दोघं बोटांवर मोजायला लागलो, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाचं वास्तूचं जेवण. बोटं पुरेनात. इतक्या वर्षांत त्या माणसाला एका घरानं, एकदाही, जेवायला या म्हटलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं तो दुसऱ्याकडे जेवला असेल. आणि न बोलावता जाणं हे त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. नामदेव रडायला लागला. मला राग आला होता, त्याचा नव्हे, माझा.

माझ्या बायकोनं ही हकिगत ऐकली आणि पदर खोचून समोर गेली. काका, रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं, चूलबंद, म्हणाली. एकट्या माणसाची चूल ती काय बंद करायची, असं काहीतरी ते पुटपुटले, पण हो म्हणाले. रविवारी पुरणपोळी केली. बारा वाजले, साडेबारा झाले, एक वाजला. काकांचा पत्ता नाही. मी कुरकुरायला लागलो, आता हा म्हातारा भाव खातोय म्हणून. बायकोनं उलथनं हातात धरूनच विचारलं, "अहो, दुसरं बोलावणं गेलं का?"

वीस पावलांचा रस्ता. दार उघडंच होतं. काका खाटेच्या कडेला ताठ बसले होते. अंगात नेहरू शर्ट, वर दवाखान्यातला काळा कोट, डोक्यावर धुतलेली टोपी, पायांत चपला. चूल सारवलेली, थंड. किती वेळ तसे बसले होते कोण जाणे. मी म्हटलं, काका, चला, पानं मांडली. ते लगेच उठले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. त्यांना धरायची गरज नव्हती, पायांनी ते ठणठणीत होते. जेवताना बायकोनं तिसऱ्या पोळीचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी नको म्हणायला हात पुढे केला आणि तो तसाच ताटावर राहिला. पोळी त्यांच्या हातावर पडली. आम्ही तिघंही त्यावर खूप हसलो, आणि काकांना डोळे पुसायला एक निमित्त झालं.

नामदेवनं दुसऱ्या दिवशी यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव घातलं. वर्षभर काकांची चूल अधूनमधून बंद राहिली, आणि त्या प्रत्येक दिवशी ते दुसऱ्या बोलावण्याच्या कितीतरी आधीपासून टोपी घालून बसलेले असत. मग नामदेव मॅट्रिक झाला, त्याला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि तो गाव सोडून गेला. काकांनी त्याला यष्टीपर्यंत पोचवलं, वरून हसत होते. वही पुन्हा त्यांच्याच हातात आली. जूनमध्ये माझी बदली सोनईला झाली.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या पाया पडलो. मी म्हटलं, काका, सोनईला कधीही या, घर तुमचंच आहे. ते हो हो म्हणाले. यष्टी सुटली, आणि गावाबाहेरच्या वळणावर बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, कधीही या म्हणजे बोलावणं नव्हे. मी म्हटलं, पत्र टाकतो ना. आणि टाकलंही. सवड काढून या, असं लिहिलं. आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं, औषधाच्या बाटलीवर लिहावं तसल्या गोल, स्वच्छ अक्षरात. पत्र पोचले, आनंद झाला, येण्याची फार इच्छा आहे, वार कळवावा.

आधी जागा लहान होती. मग घरात बाळंतपण आलं. मग शाळेची तपासणी. प्रत्येक दिवाळीला मी त्यांना या म्हणून लिहिलं आणि प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत तेच यायचं, वार कळवावा. एवढ्या साध्या गोष्टीला काय लागतं? सोमवार, मंगळवार, कुठलाही एक वार लिहायचा होता. मी तो लिहिला नाही. तिसऱ्या दिवाळीला कार्ड आलं नाही, आणि मग मी लगेच, त्याच दिवशी, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी जेवायला यावे, असं लिहून टाकलं. पत्र त्याआधीच, 'मयत' या सरपंचांच्या शेऱ्यासह परत आलं. त्या रविवारी बायकोनं स्वयंपाक केला नाही, मीही विचारलं नाही, आणि आमच्या घरात दिवसभर चूल पेटली नाही.