अठ्ठावन्नची मुलगी

प्रगतिपत्रकावर मी आजही अठ्ठावन्नच आहे. असू दे. सरासरी या शब्दाचा मला तेव्हापासून जो राग आहे, तो अजून गेलेला नाही.

बाबा भिलाईच्या कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होते, कामगारांची हजेरी मांडायचे. आम्ही वर्ध्याकडच्या गावातून सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा मी आठवीत होते. तोवरचं शिक्षण मराठीत, इथली शाळा हिंदी. तिमाहीला गणिताचा पेपर हातात पडला आणि प्रश्नच कळेनात. अठ्ठावीस मिळाले. मग मी हट्टालाच पेटले. शेजारच्या पोरींशी भांडायचे तेसुद्धा हिंदीत. छमाहीला सत्तावन्न, वार्षिकला एकोणनव्वद. वर्गात पहिली!

नववीत गणित घ्यायचं तर तिन्ही परीक्षांची सरासरी साठ लागायची. माझी भरली अठ्ठावन्न. मला गृहविज्ञानात टाकलं. माझ्या बाकावरची मुलगी चौऱ्याऐंशीवरून बासष्टवर आणि तिथून चौतीसवर घसरली होती. तिची सरासरी बरोबर साठ. तिला गणित मिळालं, आणि बिचारीला ते नकोच होतं.

"बाबा, मले गणितच पाहिजे."

"नियम आहे तो, पोरी. कावून डोकं खाऊन राहिली?"

मोठ्या बाईंकडे मी एकटीच गेले. "बेटी, नियम सबके लिए एक है," त्या म्हणाल्या.

"मैडम, अट्ठाईस वाली लड़की को हिंदी नहीं आती थी। वो अब है कहाँ? आपके सामने नवासी वाली खड़ी है।"

त्यांनी चष्मा पुसला आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी बाहेर पडले ती थेट गणिताच्या वर्गात जाऊन बसले. गणिताच्या बाईंनी हजेरी घेतली, त्यात माझं नाव नव्हतं. सगळी नावं संपल्यावर मी उभी राहिले. "उपस्थित, मैडम." वर्ग फिदीफिदी हसला. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्गाबाहेर काढलं, तर दाराशी उभी राहून फळ्यावरची गणितं उतरवून घेतली. शाळेतून घरी निरोप गेला.

"माझं नाक कापून राहिली तू," बाबा कडाडले.

"कापलं तर कापलं. गणित नाही सोडत."

त्यानंतर ते रागावले नाहीत, पण बोललेही नाहीत. संध्याकाळी सायकल लावताना माझ्याकडे न बघता तेवढं विचारायचे, "हजेरी लागली का?" मी नाही म्हणायचे. ते आत जायचे.

एका सकाळी बाईंनी यादीतलं शेवटचं नाव घेतलं, जरा थांबल्या आणि माझं नाव घेतलं. तसं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, का गणिताच्या बाई स्वतःच थकल्या होत्या, मला माहीत नाही. थकल्याच असतील.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारायच्या आधीच मी फाटकातून ओरडले, "लागली!"

ते सायकल धरून तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते, पण आवाज ऑफिसातलाच काढला.

"आता एक दिवसही खाडा नको करू."