दोन प्रोसेसर, दोन फोल्डर
दुधनीच्या सिद्धेश्वरीनं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला तेव्हा तिच्या घरी कन्नडच बोलत, आणि संगणक गल्लीत कुणाकडेच नव्हता. आज चौतिसाव्या वर्षी ती सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत यंत्रमागाला लावायच्या पेटीचं सॉफ्टवेअर लिहिते. धागा तुटला की माग थांबवायचा, एवढंच त्या पेटीचं काम.

पेट्या दोन प्रकारच्या. जुनीत साधा प्रोसेसर, नवीत जास्त ताकदीचा. प्रोग्राम एकच, पण दोघांसाठी वेगवेगळा तयार करावा लागे.

मार्चमध्ये एका टॉवेल कारखान्यातून गैबीसाबांचा फोन आला. तिथल्या मागांची देखभाल तेच बघत. "म्याडम, धागा तुटला की माग थांबवायचं सोडून तुमची पेटीच झोपतीया. कापडाचा अख्खा ताका वाया गेला की!"

"वायरिंगचा दोष असंल," सिद्धेश्वरीच्या कंपनीचे मालक ईरप्पा म्हणाले. "पेटी बदलून द्या."

दिली. तीही जुन्याच प्रकारची; तशीच झोपली.

सिद्धेश्वरी मग हट्टालाच पेटली. तिनं तयार प्रोग्रामचा एकेक भाग उलगडून पाहिला. तिसऱ्या दिवशी सापडलं: धागा तुटल्यावर चालणाऱ्या भागात जुन्या प्रोसेसरला कळतच नाही अशी एक सूचना होती; तिथं आला की तो अडकून पडे.

प्रोग्राम तयार होताना प्रत्येक भागाची, त्या प्रोसेसरच्या भाषेतली एक ऑब्जेक्ट फाइल बनते आणि मग त्या सगळ्या जोडल्या जातात. इथं दोन्ही प्रोसेसरच्या फाइली एकाच फोल्डरात, एकाच नावानं पडत. म्हणून एका पेटीचं काम झालं की सगळं पुसून मगच दुसरीचं घ्यायचं, असा रिवाज होता. गेल्या वेळी पुसताना नव्या पेटीची एक फाइल राहून गेली. ती ताजी दिसली म्हणून संगणकानं पुन्हा बनवली नाही, तीच जुन्या पेटीत जोडली. प्रोसेसर एकाच घराण्यातले, त्यामुळे जोडताना तक्रारही आली नाही.

पुसणारी ती स्वतःच होती. तिनं ईरप्पांना तसं सांगून टाकलं.

"मग इथून पुढं नीट पुसा. उद्या वीस पेट्या जायच्यात."

"सर, नीट पुसूनही मी चुकले. दोन दिवस द्या. तोवर एकही पेटी बाहेर जाणार न्हाय."

आठ वर्षांत ती त्यांना असं कधी बोलली नव्हती. ईरप्पांनी चष्मा काढला, पुसला. "बरं. दोनच."

तिनं प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र फोल्डर दिला. सांगायला सोपं होतं, पण जुन्या फोल्डरचा पत्ता बावीस ठिकाणी लिहिलेला निघाला. पहिल्या दिवशी काहीच जुळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी, काहीही न पुसता, दोन्ही पेट्यांचे प्रोग्राम पाठोपाठ तयार झाले. तिनं जुन्या पेटीचा प्रोग्राम पुन्हा उलगडून पाहिला. परकी सूचना एकही नव्हती.

तेवढ्यावर तिचं समाधान होईना. ती कारखान्यात गेली, पेटीत नवा प्रोग्राम भरला आणि गैबीसाबांना चालत्या मागाचा धागा कापायला लावला.

माग खटकन थांबला.

"परत कापा, चाचा."

दहाव्यांदा माग थांबला तेव्हा गैबीसाबांनी कात्री खिशात टाकली. "पुरे आता म्याडम, मला टॉवेल बी विणायचेत!"